भिकबाळीचा मोती

नातीला बालवाडीत घालताना शाळेनं लशींचं कार्ड मागितलं आणि रघुनानांना आपला शाळेतला पहिला दिवस आठवला.

त्या काळी देवीची लस टोचल्याशिवाय शाळेत घेत नसत. आजोबा गावचे इनामदार. छोट्या रघूला पुढे करून ते गरजले, "आमच्या घराण्यात पोरांना सुई लावत नाहीत. आम्हाला सूट हवी."

गोदूबाई मास्तरीणबाईंनी रघूच्या कानातली भिकबाळी हलकेच हलवून पाहिली. "मग ही काय डिंकानं चिकटवलीय, इनामदारसाहेब?"

"तो घराण्याचा मोती आहे, बाई."

"मोत्यासाठी कान टोचलात. आता मोती घालणाऱ्यासाठी दंड टोचू द्या."

इनामदारांनी नातवाची बाही वर केली.

तो मोती पुढे नदीत पोहताना हरवला. देवीच्या लशीचा वण मात्र नाना आज बाही वर करून नातीला दाखवत होते.