मुशीत न जाणारी समई

"आणि मोडल्यावर?"

समोर ठेवलेली नवी समई बघून म्हाताऱ्या सिदूबुवा ओताऱ्यांनी एवढंच विचारलं.

त्यांच्या शिष्याला, बाळोजीला, हसूच आलं. "मोडेल कशी, बुवा? आत लोखंडी गज घातलाय. बुडात शिसं ओतलंय, बैलानं धडक दिली तरी हलायची नाही. मोराच्या पिसांत लाख भरलीय, डोळ्यांना काचेचे मणी. गावातले जाणते बघून गार झाले!"

समई होतीच देखणी, उगाच नावं कशाला ठेवा? बुवांनी हिला हो म्हटलं की त्यांच्या भट्टीतला निखारा नेऊन बाळोजीनं स्वतःची भट्टी पेटवायची, अशी ओताऱ्यांची रीत. त्या निखाऱ्यासाठी पठ्ठ्याचा जीव टांगणीला लागला होता.

"शंभर वर्षं टिकेल," तो म्हणाला.

"टिकू दे की. आणि मग?"



बुवा उठले. देवापुढची आपली समई घेऊन आले. बूड, दांडी, वाटी, मोर, सगळं पिरगाळून सुटं केलं. सगळं पितळच, आटेसुद्धा पितळेचे. एकेक तुकडा तापलेल्या मुशीत सोडला.

"अहो बुवा! देवाची समई ती!"

बुवा भाता ओढत राहिले. मुशीतून हिरवट ज्योत उठली. उन्हात रुईची म्हातारी उडावी तशी पांढरी राख छपराखाली तरंगू लागली. समई वाकली, पाघळली, दिसेनाशी झाली. उरलं नुसतं सोनेरी पाणी.

बाळोजी त्या पाण्याकडे बघतच राहिला. आपण जागे आहोत की नाही, हेही त्याला कळेना.

"समईच्या आधी हे काय होतं, बुवा?"

"आईचा हंडा. त्याआधी कुठल्याशा देवळातली घंटा. त्याआधी... कुणास ठाऊक."

"आणि आता?"

"आता तुझी टाक."

बाळोजीनं आपली समई मुशीवर धरली. हात तिथंच थांबला.

लाख जळेल. काच तडकेल. शिसं पितळेत शिरेल, लोखंड तसंच पडून राहील. सगळी मूस नासेल. सुटं करावं म्हटलं, तर सांध्यात नखही शिरायचं नाही, इतकं त्यानंच घट्ट बसवलेलं.

त्यानं हात मागं घेतला. लाज वाटली, रडूही आलं. निखारा मागायला आता तोंड उरलं नव्हतं.

बाहेर ऊन उतरलं होतं. देव मोकळ्या कोनाड्यात एकटाच बसला होता.

"बुवा... दिवेलागणीला देवापुढं काय लावू?"

"तुझीच लाव," बुवा मायेनं म्हणाले. "तिला बिचारीला कुठं जायचंय!"