साबो

“‘यो साबो’ हे रूप चुकीचंच ना, फादर?”

“चुकीचंच,” फादर एलायस म्हणाले. “स्पॅनिशमध्ये ‘यो से’ म्हणायला हवं. म्हणजे ‘मला ठाऊक आहे’.”

“मग मी काय वावगं केलं?”

प्राध्यापक नीळकंठ उकिडव्यांच्या आवाजात राग होता, पण त्या रागाला जोर नव्हता. शनिवारचा वर्ग नुकताच सुटला होता. परदेशी नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्स मुली वह्या आवरून गेल्या होत्या. वसईच्या त्या चर्चमागच्या खोलीत आता दोघंच उरले होते.

फादर एलायस डाबरे तिथलेच. उमेदीची तीस वर्षं त्यांनी बोलिव्हियातल्या डोंगराळ खेड्यांत काढली, आणि म्हातारपणी परत येऊन ते नवशिक्यांना स्पॅनिश शिकवू लागले. उकिडवे सरांनी चाळीस वर्षं कॉलेजात संस्कृत व्याकरण शिकवलेलं. एकाहत्तराव्या वर्षी ते या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसले, ते नातीसाठी.

त्यांची एकुलती एक मुलगी शर्वरी लग्न करून स्पेनला गेली होती. मागच्या वर्षी ती आजारपणात गेली. तिची इनेस पाच वर्षांची. आई होती तोवर ती आजोबांशी मराठीत बोलायची. पुढे त्या घरात मराठी बोलायला कुणी राहिलं नाही, आणि वर्षभरात पोरीचं मराठी पुसून गेलं.

सर झटून शिकले. वर्ग अजून नाव-गाव-नमस्कारातच होता, तेव्हा त्यांचे क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ झाले होते. मुलींच्या चुका फादरच्या आधी तेच काढत. फादरनी एकदा हळूच सुचवलं होतं, की सर, थोडं ऐकतही जा. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

तीन रविवारांमागे, आई गेल्यापासून पहिल्यांदा, इनेस त्यांच्याशी आपणहून बोलली. एरवी फोनवर ‘ओला’, म्हणजे नमस्कार, एवढंच म्हणून पळायची. त्या दिवशी ‘यो साबो...’ अशी तिने सुरुवात केली, आणि सरांनी तिला तिथंच थांबवलं. ‘साबो’ नाही, ‘से’. तीनदा म्हण, असं सांगितलं. दोनदा तिने म्हटलं. तिसऱ्यांदा फोनवर तिच्या बापाचा आवाज आला. त्यानंतरच्या दोन्ही रविवारी ती फोनजवळ आलीच नाही.

हे सगळं सरांनी सांगितलं, न्यायाधीशाने निकालाचं कारण द्यावं तसं.

फादर फळा पुसत होते. ते थांबले.

“तिला काय ठाऊक होतं?”

“म्हणजे?”

“‘मला ठाऊक आहे’ म्हणाली ना? काय?”

सर बोलायला गेले... त्यापुढचं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

फादर त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसले. त्यांनी विचारलं, शर्वरी स्पॅनिश कुठे शिकली?

कुठेच नाही, सर म्हणाले. बाजारात, शेजारणींकडून उचललं. व्याकरणाची पुस्तकं त्यांनीच इथून पाठवली होती, तिने ती उघडलीसुद्धा नाहीत. बेधडक चुकत बोलायची. जावई सांगायचा, की सगळे हसतात आणि तीही हसते. लहानपणीही तसंच. ‘मी केलं’ न म्हणता ‘मी करलं’ म्हणायची. तेव्हा त्यांनी तिलाही तीनदा...

बाहेर केळीच्या बागेत पाण्याचा पंप चालू होता, तेवढाच आवाज.

“फादर,” ते म्हणाले, “म्हणजे हा शब्द इनेसने शर्वरीकडून...”

फादरनी मान डोलावली.

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मुलगी गेल्यापासून त्यांना रडू आलं नव्हतं. आताही हुंदका फुटला नाही. फक्त मान खाली गेली, ती लवकर वर आली नाही.



शेवटी सरांनी वही उघडली. उद्या रविवार होता. इनेस फोनवर आलीच, तर तिला सांगायचं होतं, की मला ठाऊक नाही, तू सांग. त्यांनी लिहिलं, ‘यो नो से’, आणि वही पुढे सरकवली.

“बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” फादर म्हणाले. मग त्यांनी सरांच्या हातातलं पेन घेतलं, ‘से’ खोडलं आणि तिथे ‘साबो’ लिहिलं.

सर त्या शब्दाकडे पाहत राहिले.

“हे चुकीचं आहे, फादर.”

“हो, सर. पण त्या घरात आता असं बोलणारी ती एकटीच उरली आहे.”