पाणवठ्यावरचा अबोला

मुलांनो, सरळ बसून ऐका. शके १९०८, वैशाखाचा वद्य पक्ष. एका जंगलातली सगळी तळी आटली होती, एकच पाणवठा उरला होता. तिथे एक वानर आणि एक हरिणी पहारा करत असत. वानर कवठाच्या झाडावरून लांबचे पाही. हरिणी खाली उभी राहून वास घेई. बिबट्या दिसला की वानर खाकरून हाक देई आणि हरिणी पुढचा पाय जमिनीवर आपटे. त्याचा अर्थ, ऐकू आले. वास तिला आधी आला तर हाक तिची, आणि फांदी हलवून उत्तर वानराचे. एवढ्या भरवशावर सारे जंगल पाणी पीत असे.

मागल्या उन्हाळ्यात बिबट्या झाडाच्या मागच्या अंगाने वर चढत होता. वानराला तो दिसला नाही. हरिणी ओरडली, म्हणून वानराचे पिल्लू वाचले. "ताई, हे देणे माझ्याकडे राहिले," वानर म्हणाला होता.

या वैशाखात एका दुपारी वानराच्या हातून कवठ निसटले आणि खाली झोपलेल्या पाडसाच्या पायावर आदळले. वानराची नजर लांब माळावर होती. त्याला काही कळले नाही. हरिणीला वाटले, कळूनही हा गप्प बसला. तिने त्याला एका शब्दाने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी वानराने हाक दिली. हरिणी पाडसाला घेऊन बाजूला झाली, पण तिने पाय आपटला नाही.

"ताई, ऐकू आले ना?"

हरिणीने तोंड फिरवले.

"असं होय! बाईसाहेबांचे कान आज रजेवर आहेत वाटतं."

"वर बसणाऱ्यांना खालचे दिसत नाही. मग खालच्यांनी वरचे का ऐकावे?" हरिणी पाण्याकडे बघत म्हणाली.

कवठ पडताना मोराने पाहिले होते. वानराने त्याला विचारले, "काय रे, हिला झाले तरी काय?"

"तुमचे तुम्ही बघा, दादा. मी मधे पडलो तर दोघे मिळून माझीच पिसे उपटाल," असे म्हणून मोर चालता झाला.

वानराने मनाशी ठरवले, आधी तिने बोलावे. तोवर आपलीही हाक बंद.

आणि त्याच आठवड्यात दिवस कलताना वाळल्या गवतात बिबट्या आला. वानराने त्याला पाहिले. त्याने तोंड उघडले आणि मिटले. वारा उलटा होता, हरिणीला वास येत नव्हता. ती मान खाली घालून शांत पाणी पीत होती. राग होता, तरी त्याच्या डोळ्यांवर तिचा विश्वास होता. हाक आली नाही म्हणजे भय नाही, असेच ती समजून होती. हे वानराच्या ध्यानात आले. तो जीव तोडून ओरडला. सगळी जनावरे उधळली. पाडस मात्र दोन उड्यांत कोलमडले.

"ताई, ते पळत का नाही?"

"तुझ्याच कवठाने त्याचा पाय गेला! आता विचारतोस?"

"माझ्या कवठाने? अगं, मला ठाऊकच नव्हते."

हरिणीला आपली चूक कळली. पण आता बोलायला वेळ उरला नव्हता. बिबट्याने झेप घेण्यासाठी अंग आखडले होते. वानराने फांदी सोडली आणि तो थेट त्याच्या तोंडापुढे पडला. बिबट्याने पाडसाचा नाद सोडला, वानराला धरले. गवत काही वेळ हलले, मग थांबले.

बिबट्या गेल्यावर जनावरे पाणवठ्यावर परतली. मोराची मान वर होईना. हरिणीने रिकाम्या फांदीकडे पाहिले, पुढचा पाय उचलला आणि जमिनीवर आपटला.

वानराचे देणे फिटले.

तात्पर्य : सोबत काम करणाऱ्याचा राग आला, तर कारण त्याच दिवशी त्याच्या तोंडावर सांगा, आणि राग कितीही असो, कामाची हाक अडवू नका.