ग्रँबोलसचा अर्थ

शाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब इंगवले रोज दहा अवघड इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि मुलाखतीला येणाऱ्या शिक्षकांवर फेकायचे. तीन उमेदवार घाम पुसत परतले. चौथी हेमलता गुरव. सात वर्षं ती हंगामी शिक्षिका म्हणूनच राबत होती.

"मला येत नाही असा एक शब्द विचारा, नोकरी तुमची!" भाऊसाहेब गुरगुरले.

"ग्रँबोलस म्हणजे काय, सर?"

भाऊसाहेब अडखळले, मग मिशीला पीळ देत म्हणाले, "अगदी सोपा! महापंडित!"

"हा शब्द मी आत्ताच बनवला, सर."

"म्हणजे असा शब्दच नाही!" भाऊसाहेब कडाडले.

"हेच आधी म्हणाला असतात, तर मी मुकाट्यानं उठून गेले असते."

शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकांनी हसू दाबत नेमणूकपत्र पुढे सरकवलं. सही करताना भाऊसाहेबांना मराठीतलाही एक शब्द सुचेना.