सरासरीचा सदरा

सोलापुरात आमच्या द्वारकाआत्याचा गणवेश शिवायचा छोटा कारखाना होता. उन्हाळ्यात तिथं कोऱ्या खाकीचा वास दरवळायचा, तो अजून माझ्या नाकात आहे.

एकदा शाळेच्या गणवेशांचं काम देणारे गलेलठ्ठ हेमराजशेठ ऐटीत म्हणाले, "इतकी मापं म्हणजे नुसता खर्च! पोरांची सरासरी काढा, सगळे सदरे एकाच मापाचे शिवा. नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

"बरं," आत्या म्हणाली. "आधी नमुना शिवते." तिनं शेठजींचं माप घेतलं आणि त्यांच्या काडीसारख्या मुनीमजींचंही.

सदरा तयार झाला. शेठजींच्या पोटावर गुंडी लागेना आणि मुनीमजी त्यात पार बुडाले.

"हा कुणाच्या मापाचा?" शेठजी कडाडले.

"तुम्हा दोघांच्या सरासरीचा. खर्च अगदी कमी आला बघा. आता घालणार कोण, तेवढं सांगा."

शेठजींनी शाळेतून पोरांची मापं मागवली.

आत्यानं मशिनी विकल्या, त्या दिवशीही तो सदरा खुंटीवरच होता. नेणार कोण?