निळ्या रांजणातले हात

एका गावात एक रंगारी होता, आणि आपण शिंकायला बाजूला झालो तरी गावातला निळा रंग पांढरा पडेल, अशी त्याची पक्की समजूत होती. हसू नका. तुमच्या घरात असा कोणी नसेल, तर तो तुम्हीच.

त्याच्याकडे गडी होते, पण नुसते बघायला. गड्यानं रांजणात कापड बुडवलं रे बुडवलं, की हा धावत यायचा. "असं नाही रे बैला! आण इकडं!" नीळ ढवळायची काठी तर तो झोपतानाही उशाशी घ्यायचा. बायकोनं एकदा ती पुसून ठेवली, तर आठवडाभर घुश्शात.

"अहो, सगळं तुम्हीच करायचं, तर माणसं कशाला ठेवलीत?" ती विचारायची.

"शोभेला!" हा म्हणायचा.

अशात पाटलाच्या लेकीचं लग्न निघालं. टोपल्या भरभरून पिवळी लुगडी आली, सगळी हिरवी करायला. हिरवा रंग मोठा लहरी. पिवळं कापड निळीत बुडवायचं आणि नेमक्या वेळी वर काढायचं. जरा उशीर झाला, की हिरव्याचं काळं. आणि लग्नघरी काळी लुगडी पाठवणाऱ्या रंगाऱ्याला पुन्हा कोण चिंधी तरी रंगवायला देणार?

"धनी, कधी काढायचं ते आम्हालाही कळतं," एक गडी म्हणाला. "देवानं डोकं दिलंय."

"ते टोपी घालायला दिलंय! मला डोकी नकोत, नुसते हात हवेत!"

गड्यांनी आपापल्या टोप्या उचलल्या आणि चालते झाले. बायको धुण्याचा ढीग घेऊन विहिरीवर गेली होती. ऐन दुपार. पान हलत नव्हतं. परसात आज्याच्या वेळचा एक जुना रांजण होता, वर्षानुवर्षं झाकलेला. त्याचं झाकण सरकलं.

काठावर बोटं आली. निळी, लांब, ओली. मग मनगटं, मग कोपरं. कोपरांच्या पुढे काहीच नव्हतं.

एकामागून एक हात बाहेर आले आणि तळवे वर करून हुकमाची वाट बघू लागले. रंगारी घाबरला, नाही असं नाही. पण यांना तोंड नाही, म्हणजे हे उलटून बोलणार नाहीत, हे ध्यानात आलं आणि तो खुलला.

"माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही," त्यानं काठी रांजणाच्या काठावर आपटून बजावलं. "आणि मी 'थांबा' म्हणेपर्यंत थांबायचं नाही!"

हात कामाला लागले. पण सांगावं तेवढंच करायचे. "उचल. बुडव. काढ. अरे, पीळ! अरे, वाळत कोण घालणार?" रंगाऱ्यानं दम खायला तोंड मिटलं, की खांद्यावर गार बोट वाजायचं. टक. टक. भाकरीचा तुकडा मोडला, तरी टक. टक.

ओरडून ओरडून ऊन कलायच्या सुमाराला त्याचा आवाज बसला. हात लुगडी बुडवत होते. हिरवा रंग आला. तो "थांबा" म्हणायला गेला, तर तोंडातून नुसती हवा.

हात थांबले नाहीत. हिरवी लुगडी गडद झाली, मग काळी. मग त्यांनी दारावरचा पडदा बुडवला. त्याचं पागोटं बुडवलं. एक कोंबडी बुडवली. ती निळीशार होऊन ओरडत पळाली. मग बुडवायला जवळ दुसरं काही उरलं नाही, आणि त्यांनी रंगाऱ्याचे घोटे धरले.

बायको परत आली, तेव्हा तो जुन्या रांजणात कमरेपर्यंत होता.

"थांबा!" ती ओरडली. एकही हात तिच्याकडे वळला नाही. तिचं ऐकायचं नाही, असंच त्यांना सांगितलेलं.

रंगाऱ्याचे पाय तळ शोधत होते. तळ नव्हता. खालून आणखी बोटं येऊन त्याचे तळवे चाचपत होती, कापडाचा पोत बघावा तशी, अगदी हळुवार.

"अहो, काठी द्या!"

आणि या महाभागानं काय करावं? काठी छातीशी घट्ट धरली! नीळ बरगड्यांपर्यंत आली.

"मी तुमच्यासारखं नाही करणार," बायको म्हणाली. "पण करीन. द्या."

त्यानं डोळे मिटले आणि काठी सोडली.

तिनं रांजणाच्या काठावर काठी आपटली. "पुरे. त्यांना वर काढा, हात धुवा आणि घरी जा."

हात थबकले. त्यांनी रंगाऱ्याला अलगद अंगणात ठेवलं. जाता जाता एका हातानं बाईच्या पायाला बोट लावलं. मग झाकण आपोआप बसलं.

बायकोनं गड्यांना बोलावून आणलं. घरात राहिलेल्या एका टोपलीतली लुगडी अजून पिवळी होती. "पोपटाच्या पंखासारखी हिरवी हवीत," ती म्हणाली. "कधी काढायची ते तुम्हीच ठरवा. अडलं तर हाक मारा." आणि ती स्वयंपाकाला गेली.

रंगारी ओट्यावर बसून होता, छातीपर्यंत निळा आणि मुका. लुगडी हिरवीगार निघाली. काळी झालेल्यांची भरपाई मात्र त्यालाच करावी लागली.

पुढं त्याचा आवाज परत आला, पण निळा रंग काही गेला नाही. अजूनही तो कधी उठतो, "असं नाही रे..." म्हणायला तोंड उघडतो, आणि परसातल्या झाकलेल्या रांजणातून आवाज येतो.

टक. टक.

तो मुकाट्यानं खाली बसतो.

तात्पर्य: काम दुसऱ्याला द्यायचं तर काय हवं ते सांगा आणि काठीही द्या, नुसते हात मागणाऱ्याला ते हातच बुडवतात.