नारो वैद्याच्या हाताचा विमा

पहिलवानाची दाढ निघाली खरी, पण निघता निघता त्याने नारो वैद्याचा अंगठा चावला. असा चावला की शीर तुटली आणि उजव्या हाताची मूठ वळेना. चिमटा धरला की हात थरथरे. सगुणाने पहिलवानाचं डोकं नेहमीसारखं बगलेत आवळून धरलं होतं, पण जबडा कोण धरणार?

नारो आणि कान्हो हे राजधानीच्या बाजारातले दात काढणारे दोन भागीदार, आणि सगुणा त्यांच्या गिऱ्हाइकांची डोकी धरणारी. दोघांनी मल्लाप्पाशेटकडे आपल्या हातांचा विमा उतरवला होता. दर दसऱ्याला शेटकडे पैसे भरायचे, शेटचे दात फुकट काढायचे, आणि हात जाऊन काम बंद पडलं तर शेटने त्या घराला जन्मभर पोसायचं. बारा दसरे शेटने पैसे गोड मानून घेतले. आता नारोच्या घरी चार पोरं उपाशी होती, तर शेट म्हणाला, "हात आहे की जागेवर! शेण थापता येतं, कावळे हाकता येतात. काम होत नाही असं कोण म्हणतं?"

कागदात 'काम' एवढंच लिहिलेलं होतं. कोणतं काम, ते लिहायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. बारा वर्षं लोकांच्या तोंडात डोकावले, पण आपल्या कागदात काही डोकावले नाहीत. असले शहाणे!

भांडण राजेसाहेबांपुढे गेलं. शेटने भर दरबारातही तेच सांगितलं. राजेसाहेब हट्टी. म्हणाले, "कागद म्हणजे कागद. हा हात निकामी आहे असं शेटने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, तरच नारोला पैसे मिळतील. उद्यापर्यंत म्हणवून घ्या, नाहीतर दावा फेटाळला."

दरबार हसला. भिकाऱ्याला 'पुढे जा' म्हणायलाही जो तोंड उघडत नसे, तो हे म्हणणार? नारोने मान खाली घातली. सगुणा मात्र शेटकडे बघत होती. तो विडा एकाच गालाने चघळत होता आणि दुसऱ्या गालाला हात लावून बसला होता. जन्मभर तोंडंच बघितलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी ती चौरंग आणि चिमटा घेऊनच दरबारात आली.

"शेटजी, दाढ ठणकतेय ना? बसा. कागदाप्रमाणे आम्ही फुकट काढून देतो."

फुकट म्हटल्यावर मल्लाप्पाशेट विंचवाच्या बिळातही हात घालील. तो लगेच बसला. सगुणाने डोकं बगलेत घेतलं आणि हाक मारली, "नारोदादा, या."

शेटचे डोळे पांढरे झाले. "हा कशाला? कान्हो कुठेय?"

"कान्होदादा गिऱ्हाइकात आहेत. आणि नारोदादांचा हात कामाचा आहे, असं कालच तुम्ही भर दरबारात सांगितलंत."

चिमटा थरथरत आला. आधी मिशीत अडकला, मग नाकपुडीत शिरला.

"काढ तो हात!" शेट किंचाळला. "निकामी आहे तो! शेण थापू दे त्याला, माझ्या तोंडात नको!"

राजेसाहेब इतके हसले की पगडी सावरावी लागली. "शेटजी, स्वतःच्या तोंडाने म्हणालात. आजपासून नारोचं घर पोसा. सगुणे, सोड त्यांना, आणि काय हवं ते माग."

सगुणाने पकड सोडली नाही. "महाराज, कान्होदादांचा हात अजून धड आहे. त्यांच्या कागदात शेटजींनी 'दात काढण्याचं काम' असं स्पष्ट लिहून द्यावं. लिहायला हात लागतो. डोकं तोवर माझ्याकडे राहू दे."

राजेसाहेब पुन्हा खदखदून हसले. त्यांनी दौत-लेखणी मागवली आणि आपल्या खांद्यावरचा शेला सगुणाच्या खांद्यावर टाकला. त्या शेल्याखालूनच मल्लाप्पाशेटने चाचपडत सही केली.